परक्या घरी राहा, पण मिंधी होऊन नको

प्रिय ताई,

मी डिचोली तालुक्यातल्या एका गावची, वय २२. पदवी झाल्यावर जर्मन शिकले आणि सप्टेंबरपासून जर्मनीतल्या एका लहान गावात, बालवाडीत वर्षभराच्या स्वयंसेवेला आलेय. राहायला संस्थेनं एक कुटुंब दिलंय. नवरा-बायको दोघंही नोकरीला आणि ६ वर्षांची एक मुलगी. माणसं वाईट नाहीत, हे आधीच सांगते.

पण संध्याकाळी सहाला टेबलावर पाव, चीज, मांसाचे थंड काप आणि काकडी. गॅस पेटतच नाही. पहिल्या दिवशी बाईंनी पुढं केलं तेव्हा मी रीतीप्रमाणं ‘नको’ म्हटलं, तर त्यांनी ताटली उचलून आत ठेवली. तेव्हापासून मी टेबलावर पावाचे दोन तुकडे खाते आणि खोलीत येऊन आईनं दिलेल्या चकल्या खाते. त्याही संपत आल्या. ते काप कशाचे असतात हे विचारायचं धाडस झालेलं नाही. एकदा मी फोडणी दिली तर बाईंनी एक शब्द न बोलता घरभर खिडक्या उघडल्या. न्हाणीघरात पाणी सांडलं म्हणून दोनदा बोलल्या.

आठवड्यातल्या तीन-चार संध्याकाळी दोघं बाहेर जातात आणि मुलगी माझ्याकडं असते. कधीकधी त्यांना यायला रात्रीचे अकरा होतात. मी नाही म्हणत नाही, कारण त्यांच्या घरात राहते, त्यांचं खाते. आई दिवसातनं तीनदा फोन करते, रडते, परत ये म्हणते. परत आले तर गावात तोंड कसं दाखवू? इथं राहिले तर अजून साडेदहा महिने असेच काढायचे. काय करू?

– एक बाय

*

बाय,

सगळ्यात आधी आज संध्याकाळी पोटभर जेव. दीड महिना अर्धपोटी राहून तू हे पत्र लिहिलंयस, आणि पोटात नसलं की साधं बोलणंही टोचतं. म्हणून जेवणाचं आधी बोलते.

तिथल्या पुष्कळ घरांत दिवसातलं एकच जेवण गरम असतं आणि ते दुपारी होतं. मुलं बालवाडीत किंवा शाळेत जेवतात, मोठी माणसं कामावरच्या खानावळीत. संध्याकाळचा पाव, लोणी, चीज, मुरवलेली काकडी हेच त्यांचं रीतसर रात्रीचं जेवण. तू आलीस म्हणून गॅस बंद राहिलेला नाही. तू यायच्या आधीही तो संध्याकाळी बंदच असायचा. बालवाडीत दुपारी मुलांबरोबर तुलाही गरम जेवण मिळत असेल, तिथं दुसऱ्यांदा मागून घे. दोन्ही वेळा शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी खाऊन वाढलेल्या माणसाला थंड पावावर झोपणं सोपं नाही, हे मला ठाऊक आहे. पण दुपार भरभक्कम झाली तर संध्याकाळ तितकी जड जात नाही.

आता त्या ‘नको’चं. आपल्याकडं चवथीच्या दिवसांत कुणाच्या घरी गेलं की आपला पहिला ‘नको’ कुणी ऐकूनच घेत नाही. दुसऱ्या ‘नको’पर्यंत नेवरी ताटात पडलेली असते. वाढणारीनं आग्रह करायचा, घेणाऱ्यानं आढेवेढे घ्यायचे आणि शेवटी दोघांनी खूश व्हायचं, ही आपली रीत. तुझ्या यजमानीणबाईंना ती माहीत असण्याचं काही कारण नाही. त्या एकदा विचारतात आणि तू जे सांगशील ते खरं धरतात. मोठ्या मुलीला तिच्या शब्दावर पुन्हा पुन्हा टोकणं त्यांना उद्धटपणाचं वाटेल. तेव्हा हवं असेल तर पहिल्याच खेपेला ‘हो, घेते’ म्हण. आणि न विचारता हात पुढं करून घेतलंस तरी त्या घरात कुणाच्या भुवया उंचावणार नाहीत.

त्या कापांची गोष्ट मात्र गंभीर आहे, आणि तू अजून विचारलेलं नाहीस याचं मला खरंच वाईट वाटलं. तिथले बरेचसे काप डुकराच्या मांसाचे असतात, काहींत गोमांसही असतं. तुझ्या घरात यातलं काय चालतं ते तुलाच माहीत. पण गोव्यातल्या हिंदू घरात नुस्तें, म्हणजे मासे रोजचे, गोमांस अजिबात नाही आणि सोमवारी मासेही नाहीत, हे जर्मन माणसानं ओळखायचं कसं? त्यांना शाकाहारी माहीत आहेत, मांसाहारी माहीत आहेत. वार पाळणारी मुलगी त्यांनी कधी पाहिलेली नसेल. एका कागदावर तीन ओळी लिही: हे खाते, हे कधीच खात नाही, या दिवशी शाकाहार. जर्मन चुकलं तर चुकू दे. त्यात जिलेटीनही लिही, कारण ते पुष्कळदा डुकरापासून केलेलं असतं आणि मुलांच्या चघळायच्या गोळ्यांत असतं. ती पोरगी प्रेमानं तुझ्या हातावर गोळी ठेवणारच. तो कागद फ्रिजवर लाव. बाईंना राग येण्याचा प्रश्नच नाही, आठवड्याचा बाजार करणाऱ्या बाईला असा कागद हवाच असतो. आणि बाजाराला निघतील तेव्हा एकदा त्यांच्याबरोबर जा. धुरावर भाजलेला मॅकरेल नावाचा मासा तिथं पाकिटात मिळतो, आपल्या बांगड्याच्याच कुळातला. पावावर तो, वर कच्चा कांदा आणि लिंबू. हुमणाची भूक त्यानं भागणार नाही, पण जीभ थोडी जागी होईल.

तू त्या घरात पाहुणी म्हणून वावरतेस, म्हणून सगळं तुलाच सोसावं लागतंय असं तुला वाटतं. जरा दुसऱ्या बाजूनं बघ. हरमल, मांद्रे, मोरजीकडं हंगामात परदेशी माणसांना खोल्या देणारी घरं तू पाहिली असशील. घरकारणीनं मायेनं वाढलेलं तो माणूस चाखतो आणि ताटात टाकतो. तिखट लागलं की आवडलं नाही, तो सांगत नाही आणि ती विचारत नाही. तो तुळशीपर्यंत चपला घालून येतो. तिला ते खुपतं, पण बोलायला संकोच. महिन्याभरानं ती शेजारणीला सांगते, ‘माणूस बरा आहे, पण घरात मिसळत नाही.’ तुझ्या यजमानीणबाईही आज कुणालातरी हेच सांगत असतील. मुलगी दोन तुकडे खाते आणि खोलीचं दार लावून घेते, एवढंच त्यांना दिसतं. तुझ्या चकल्या त्यांना दिसत नाहीत.

खिडक्या उघडल्या तो तुझा अपमान नव्हता. तिथली घरं थंडी आत येऊ नये म्हणून घट्ट बंद बांधलेली असतात, त्यामुळं आतली वाफ आणि वास बाहेर पडत नाही. भिंतींना बुरशी लागते. म्हणून ते लोक कडाक्याच्या थंडीतही दिवसातनं दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडतात आणि काही मिनिटांत लावतात. तू फोडणी दिली नसतीस तरी त्या उघडल्या असत्या. पण एक खरं, मोहरी-हिंगाचा वास दारामागं टांगलेल्या लोकरीच्या कोटांत बसला की आठवडाभर जात नाही, आणि तोच कोट घालून बाईंना कामावर जायचं असतं. रांधायच्या आधी कोट दुसऱ्या खोलीत ने, स्वयंपाकघराचं दार लाव, खिडकी तूच उघड. मग फोडणी दे. हे तू आपणहून केलेलं दिसलं की त्यांना बोलायला काही उरणारच नाही.

न्हाणीघराचंही तसंच आहे. आपल्या न्हाणीत पाणी कुठंही सांडलं तरी वाटेनं निघून जातं. तिथं शॉवरच्या किंवा टबाच्या बाहेरच्या फरशीला बऱ्याच घरांत पाणी जायला भोकच नसतं. बाहेर पडलेलं पाणी फरशांच्या सांध्यात मुरतं आणि खालच्या मजल्याच्या छताला ओल धरते. तांब्यानं आंघोळ करत असशील तर टबाच्या आतच बसून कर. बाहेर पायपुसणं टाक, निघताना फरशी कोरडी करून घे. तिथं पुष्कळ ठिकाणी पाणी जड असतं, काचेवर चुन्याचे पांढरे डाग धरतात. म्हणून आत रबराची पट्टी टांगलेली असेल, ती काचेवरून एकदा वरून खाली ओढायची. मग खिडकी उघडायची. बाई दोनदा बोलल्या त्या फरशीसाठी बोलल्या, त्यावर डोळ्यांतनं पाणी काढू नकोस.

एवढ्या सगळ्यात वागणं बदलायचं ते तू, कारण घर त्यांचं आणि रीत त्यांची. संध्याकाळच्या त्या मुलीचं मात्र वेगळं आहे, आणि त्याबद्दल मी तुझ्या बाजूनं उभी आहे.

‘त्यांच्या घरात राहते, त्यांचं खाते’ असं तू लिहिलंयस. तुझ्या पत्रातलं हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. बाय, तू तिथं उपकारावर राहत नाहीस. हे स्वयंसेवेचं वर्ष तिथल्या कायद्यानं बांधलेलं आहे. तिथं ऐच्छिक सामाजिक वर्षाचा कायदा १९६४ सालचा. दुसरी, केंद्र सरकारची स्वयंसेवी सेवा २०११ साली सुरू झाली. त्या वर्षी सक्तीची लष्करी भरती थांबली, आणि सैन्यात जाण्याऐवजी इस्पितळांत, वृद्धाश्रमांत काम करणारी मुलं येईनाशी झाली. ती जागा पुढं स्वयंसेवकांनी घेतली. तू या दोहोंपैकी कशाखाली गेलीयस ते करारावर लिहिलेलं असेल. दोन्हींत हातखर्चाला पैसे मिळतात, आरोग्य विमा असतो आणि वर्षाला २५ दिवस शिबिराचे असतात. तुझ्याकडं लक्ष ठेवायला एक माणूस नेमलेलं असतं. तू पूर्ण वेळ काम करतेस आणि राहण्याची सोय त्या व्यवस्थेचाच भाग आहे. संस्था त्या कुटुंबाला तुझ्या राहण्याचे पैसे देते की कुटुंबानं आपणहून तुला घेतलंय, हे तुला माहीत नसेल तर करार काढून वाच किंवा संस्थेला विचार. पैसे देत असतील तर हिशेब उघडच आहे. देत नसतील तरी त्यांनी आपल्या इच्छेनं तुला घरात घेतलंय, रात्री मूल सांभाळायला नव्हे.

मूल सांभाळून घरात राहण्याची एक वेगळी रीत तिथं आहे, तिला ओ-पेअर म्हणतात. तिचा करार वेगळा, व्हिसा वेगळा, कामाचे तास ठरलेले. तू त्यासाठी गेलेली नाहीस. दिवसभर बालवाडीत वीसेक पोरांच्या मागं धावून रात्री अकरापर्यंत जागायचं आणि सकाळी पुन्हा उभं राहायचं, हे कुणालाही झेपणारं नाही.

मला काय वाटतं ते स्पष्ट सांगते. जेवणाच्या टेबलावर तुला जो संकोच वाटतो तो तू संध्याकाळच्या राखणीनं फेडतेयस. आपण त्यांच्या रीतीत बसत नाही, त्यांना त्रास होतो, मग निदान त्यांची मुलगी तरी सांभाळावी, असं तुझं चाललंय. त्यांना यातलं काहीच माहीत नाही. त्यांनी विचारलं, ‘आज थांबशील का?’ तू हसून ‘हो’ म्हटलंस. त्यांनी तेही खरं धरलं, जसा पहिल्या दिवशीचा ‘नको’ खरा धरला. त्यांना वाटत असेल, या मुलीला आमची पोर आवडते, संध्याकाळी घरात हिला बरं वाटतं. उद्या तू कंटाळून अचानक निघून आलीस तर ती माणसं खरोखर चकित होतील. आणि ती सहा वर्षांची पोर मनाला लावून घेईल ते वेगळंच.

म्हणून बोल. कधी आणि कसं, तेही सांगते. घाईत, दारात, ती दोघं बाहेर पडायला कोट घालत असताना बोलू नकोस. आदल्या दिवशी सांगून ठेव की रविवारी अर्धा तास तुमच्याशी बोलायचंय. रविवारी तिथं दुकानं बंद असतात, माणसं घरी असतात. मोबाईलवर काही लिहून पाठवण्यापेक्षा समोर बसून बोल. तिथल्या पुष्कळ घरांत स्वयंपाकघरात एक कॅलेंडर टांगलेलं असतं, घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा एकेक रकाना असलेलं. तुझ्याकडंही ते असेल तर त्यात तुझ्या नावाचा रकाना माग. मग असं म्हण: ‘मला तुमची मुलगी आवडते. बुधवारी संध्याकाळी मी तिच्याजवळ थांबेन. बाकीच्या संध्याकाळी मला अभ्यास करायचा आहे आणि झोप हवी आहे.’ एवढंच. माफी मागू नकोस, डोकं दुखतं असं खोटं कारण देऊ नकोस. कारण दिलंस की ते बिचारे त्या कारणावर उपाय शोधतील आणि तू पुन्हा अडकशील. बुधवारऐवजी शुक्रवार चालेल का असं त्यांनी विचारलं तर खुशाल हो म्हण. एकाच्या तीन संध्याकाळी करू नकोस.

एक संध्याकाळ तरी का ठेवायची, असं तुझी आई विचारेल. ठेव, कारण घरातलं माणूस म्हणून राहायचं तर घरातलं थोडं काम अंगावर हवं, आणि ते तू निवडलेलं असावं. त्या पोरीला चित्रांची पुस्तकं वाचून दाखव. ती तुझे उच्चार हसत-हसत सुधारेल आणि तुझं जर्मन वर्गात सुधारलं नसतं इतकं सुधारेल. ११ नोव्हेंबरला तिथं संत मार्टिनचा सण असतो. मुलं कागदाचे कंदील करून अंधार पडल्यावर गाणी म्हणत मिरवतात. तुझ्या बालवाडीत तेव्हा कागद, गोंद, काड्या यांचा पसारा पडेल. तुला आकाशकंदील करता येतो. काड्यांचा सांगाडा बांधून त्याला पारदर्शक कागद कसा ताणून चिकटवायचा, खाली झिरमिळ्या कशा कापायच्या, हे तुझ्याइतकं तिथं कुणाला येत नसेल. आमच्या दिवाळीत आम्ही असे करतो म्हणून दाखव. नरकासुराचा पुतळा मात्र पेटवायला जाऊ नकोस, त्याची गोष्ट सांगितलीस तरी मुलं डोळे मोठे करून ऐकतील.

आणि घरी एका शनिवारी दुपारी रोसातले फोव, म्हणजे नारळाच्या दुधातले गोड पोहे कर. हे मी मुद्दाम सुचवतेय, कारण त्याला फोडणी लागत नाही, तळण नाही, वास फक्त वेलचीचा, आणि वेलची तिथं नाताळच्या बिस्किटांत घालतात, त्यामुळं तो वास त्यांच्या ओळखीचा आहे. नारळाच्या दुधाचा डबा तिथल्या साध्या दुकानातही मिळतो. फोव आणि गूळ एशियन दुकानात मिळतील. गूळ नाही मिळाला तर गडद साखर घे. पातळ फोव असतील तर धुऊन लगेच निथळ, भिजत ठेवलेस तर लगदा होईल. दुधात गूळ पुरता विरघळला की चिमूटभर मीठ आणि वेलची, आणि वाढायच्या वेळीच फोव त्यात घाल. दिवाळीला आम्ही हे शेजाऱ्यांना बोलावून खायला घालतो, असं सांगून चौघांना वाढ. बहुतेक पहिल्यांदाच त्या घरात देणारी तू असशील.

घरकामातलं एक काम कायमचं तुझं करून घे. कचरा वेगळा करण्याचं घेतलंस तर उत्तम, कारण परदेशी माणूस हमखास तिथंच गोंधळतो आणि यजमान हमखास तिथंच चिडतात. कागद वेगळा, ओला वेगळा, वेष्टनं वेगळी. काच रंगाप्रमाणं गावातल्या डब्यांत टाकायची, आणि रविवारी नाही, कारण आवाज होतो. ज्या बाटल्यांवर अनामत असते त्या दुकानातल्या यंत्रात परत करायच्या. एकदाच वापरायच्या बाटलीला २५ सेंट मिळतात.

आता आई. ती रडते यात तिचं काही चुकत नाही, पण फोनच्या वेळा चुकताहेत. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागं जातात आणि मग गोव्याशी साडेचार तासांचं अंतर पडतं. तू कामावरनं पाचला घरी येतेस तेव्हा इथं रात्रीचे साडेनऊ, आईचं सगळं आवरलेलं. ती निवांत होऊन फोन लावते, तू दार लावून बोलत बसतेस आणि त्याच वेळी बाहेर टेबल मांडलं जातं. जी एक वेळ त्या घरात सगळी एकत्र बसतात तीच तू आईला दिलीयस. आईशी सकाळी बोल. साडेसहाला तू निघायच्या तयारीत असशील तेव्हा इथं अकरा वाजलेले असतील. रोज पंधरा मिनिटं, आणि रविवारी हवं तेवढं. आईला हेही सांग की फोनवर रोज ‘काय जेवलीस’ एवढंच विचारू नकोस. ती पोर काय बोलली, बालवाडीत काय झालं, हे विचार. तुला सांगायला रोज काहीतरी असेल आणि ते सांगता सांगता ते घर तुझ्याही ओळखीचं होईल.

आई पार्सल पाठवणार असेल तर तूप, खवा, पेढे असलं काही पाठवू नये. युरोपियन संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ पाठवायला बंदी आहे, ते जप्त होतात. चकल्या, सोलां (आमसुलं), मसाला पाठवावा. भेट म्हणून पाठवलेलं, आतल्या वस्तूंची किंमत ४५ युरोपर्यंत असेल तर त्यावर जकात पडत नाही. पार्सलवर आत काय आहे ते खरं लिहावं.

पुढं डिसेंबर येतोय, त्याची तयारी ठेव. पणजीत ऐन डिसेंबरातही दिवस अकरा तासांचा असतो, तिथं आठेक तासांचाच. तू अंधारात कामाला निघशील आणि अंधारात परत येशील. आपल्या उजेडात वाढलेल्या माणसाचं मन त्या दिवसांत विनाकारण खचतं. दुपारी मुलांबरोबर अंगणात जायची पाळी असेल ती कुणाला देऊ नकोस, तूच घे. आणि दोन-तीन आठवडे झोप येत नसेल, अन्न जात नसेल, सकाळी उठवतच नसेल, तर डॉक्टरकडं जा. तुझा विमा आहे, कार्ड आहे, ते त्यासाठीच आहे.

राहता राहिलं परत येण्याचं. तू दोनच वाटा मांडल्यास, सोसायचं किंवा परत यायचं. मधली वाट तू पाहिलेलीच नाहीस: तेच काम, तीच बालवाडी, घर दुसरं. यजमान कुटुंब बदलता येतं, आणि त्यासाठी कुणी वाईट असावं लागत नाही. रविवारी बोलून झाल्यावर दोन आठवडे जाऊ देत. शहाणी माणसं असली, आणि तुझ्या पत्रावरून तशी वाटतात, तर ती थोडी ओशाळतील आणि कॅलेंडर दुरुस्त करतील. पण तोंडं आंबट झाली, तुझ्या खाण्यापिण्याचा उल्लेख निघाला, किंवा बुधवारच्या पुन्हा चार संध्याकाळी झाल्या, तर तिसऱ्यांदा समजावत बसू नकोस. संस्थेतल्या त्या नेमलेल्या माणसाला लेखी कळव, तारखा आणि वेळा घालून. आणि कधी कुणी तुझा पासपोर्ट स्वतःकडं ठेवायला मागितला, खोलीत न विचारता शिरू लागलं, अंगचटीला आलं, तर दोन आठवडेही थांबायचं नाही. त्याच दिवशी संस्था, आणि तातडीची वेळ असेल तर ११२.

सगळं करूनही नाहीच जमलं तर ये. गावाचं फार मनावर घेऊ नकोस. बोटीवर, आखातात गेलेली आणि करार पुरा न करता परतलेली माणसं आपल्या गोव्यात गावोगाव आहेत, आणि त्यांच्या घरांतही दिवाळीचे फोव होतातच. फक्त हा निर्णय उपाशी पोटी, रात्री, रडून झाल्यावर घेऊ नकोस.

घर बदललंस तर नवा पत्ता दोन आठवड्यांच्या आत तिथल्या नगरपालिकेत नोंदवावा लागतो. नव्या घरमालकाची सही असलेला कागद बरोबर न्यावा लागतो, तो राहायला जायच्या दिवशीच मागून घे. पासपोर्ट, राहण्याचा परवाना आणि करार तुझ्या स्वतःच्या बॅगेत असू देत, आणि तिन्हींचे फोटो आजच आईच्या फोनवर पाठवून ठेव.

– तुझी ताई